तुमचे प्रश्न : स्लेजिंग, शिवी आणि रंग

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की क्रिकेटच्या मैदानावर समोरच्याचं डिवचणारं बोलणं, म्हणजे स्लेजिंग, किती ऐकून घ्यायचं. पत्रं भरपूर आली, काही रागावून लिहिलेली, एक वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. सगळी छापता येणार नाहीत, त्यातली पाच घेतोय, आधी पत्र आणि मग माझं उत्तर.

मी कॉलेजच्या टीममध्ये फास्ट बॉलिंग करतो. बॅट्समनला दोन शब्द सुनावल्याशिवाय मला चेवच येत नाही. कोच म्हणतात, हल्ली रेसिझमच्या भानगडीत अडकायला होतं, तोंड बंद ठेव. मग सगळंच बोलणं बंद करायचं का? लाइन नक्की कुठे आहे?

सगळं बंद करायची काही गरज नाही. आणि लाइन कुठे आहे ते दाखवायला मला एकच टेस्ट पुरते, जानेवारी 2021 ची भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी टेस्ट, कारण तिथे दोन्ही गोष्टी लागोपाठच्या दोन दिवसांत घडल्या.

चौथा दिवस, रविवार. आपला बॉलर सिराज बाउंड्रीवर फिल्डिंग करत होता आणि मागच्या स्टँडमधून त्याला काहीबाही बोलणं चाललं होतं, आदल्या दिवशीही झालं होतं, त्याने आणि बुमराने ते टीमला सांगितलंही होतं. ही त्याची पहिलीच टेस्ट सिरीज, आणि याच दौऱ्यावर असताना नोव्हेंबरमध्ये त्याचे वडील गेले होते, हैदराबादला रिक्षा चालवून त्यांनी पोराला क्रिकेटर केलं आणि पोरगा अंत्यदर्शनालाही न जाता तिथेच थांबला होता. तर तो पोरगा बाउंड्रीवरून चालत आत आला, कॅप्टन रहाणेला आणि अंपायरना सांगितलं, आठ-दहा मिनिटं खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. नंतर क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशी करून सांगितलं की भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी बोलणं खरंच झालं होतं, पण बाहेर काढलेले ते सहा जण त्यातले नव्हते. सिराजने पुढे सांगितलं की अंपायर म्हणाले होते तुम्हाला मॅच सोडून जायचं असेल तर जाऊ शकता, तर रहाणे म्हणाला आमची काही चूक नाही, आम्ही का जायचं, आम्ही खेळणार.

आता दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याच ग्राउंडवर काय झालं बघा. विहारीचा हॅमस्ट्रिंग गेलेला, अश्विनची पाठ धरलेली, आणि दोघं मॅच वाचवायला चाळीसपेक्षा जास्त ओव्हर्स उभे. स्टंपमागून त्यांचा कॅप्टन आणि विकेटकीपर टिम पेनची बडबड सुरू, ब्रिस्बेनला गॅबावर ये मग बघतो तुला. अश्विन म्हणाला, तू आमच्याकडे इंडियात ये, ती तुझी शेवटची सिरीज असेल. पेनने मग एक शिवीही घातली, आणि थोड्याच वेळात विहारीचा कॅच सोडला. मॅच ड्रॉ झाली, दुसऱ्या दिवशी पेनने प्रेस कॉन्फरन्स घेऊन माफी मागितली, आणि आठवड्याभराने गॅबावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर पहिल्यांदा टेस्ट हरलं, त्यात सिराजच्या दुसऱ्या इनिंगमध्ये पाच विकेट.

फरक कळला का? पेन जे बोलला त्याला अश्विनकडे उत्तर होतं, तोंडानेही आणि बॅटनेही. स्टँडमधून सिराजच्या रंगावर, त्याच्या देशावर जे येतं त्याला क्रिकेटमध्ये उत्तरच नाही, त्याने हॅटट्रिक घेतली तरी त्याचा रंग तोच राहणार. म्हणून बोलण्याआधी तू एवढंच बघ की मी जे बोलतोय त्याचं उत्तर हा बॅटने देऊ शकतो का. 'तुला आउटस्विंगर दिसतच नाहीये', देऊ शकतो. 'पुढचा बाउन्सर आहे', देऊ शकतो. 1996 च्या वर्ल्ड कपमध्ये बेंगळुरूला पाकिस्तानच्या आमिर सोहेलने प्रसादला फोर मारून बॅटने बाउंड्री दाखवली आणि पुढच्याच बॉलला प्रसादने त्याचा ऑफ स्टंप उडवला, आपण आजही तो क्षण काढतो तो यासाठीच, बोलणं आणि उत्तर दोन्ही बावीस यार्डांत झालं. जात, धर्म, रंग, घरची माणसं, शरीराचं व्यंग, कोण कुणावर प्रेम करतो, यातलं काहीही बॅटने परतवता येत नाही.

घरच्या माणसांचं मुद्दाम लिहिलं कारण तिथे तुझ्या वयाची पोरं फार घसरतात. 2003 साली अँटिग्वाला ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राने वेस्ट इंडिजच्या सरवानला एक घाणेरडा प्रश्न विचारला, सरवानने उलट मॅकग्राच्या बायकोचं नाव घेऊन उत्तर दिलं, आणि मॅकग्रा भडकून अंगावर धावून गेला. त्याची बायको कॅन्सरशी झुंजत होती. सुरुवात मॅकग्रानेच केली होती हे खरं, पण एकदा त्या वाटेला गेलं की समोरच्याच्या घरात काय चाललंय ते तुला माहीत नसतं.

आणि ऐकणाऱ्यालाही नीट बोलता येतं बरं का. 2019 ला सेंट लुशियात वेस्ट इंडिजचा शॅनन गॅब्रिएल इंग्लंडच्या ज्यो रूटला गे असण्यावरून काहीतरी बोलला, तर रूट शांतपणे म्हणाला की ती शिवी म्हणून वापरू नकोस, गे असण्यात वाईट काही नाही. गॅब्रिएलवर चार वनडेची बंदी आली. रूटने त्या दिवशी सेंच्युरीपण मारली.

2008 च्या सिडनी टेस्टमध्ये हरभजनला मुद्दाम गोवलं. तो 'मंकी' म्हणालाच नव्हता, आपली शिवी होती, त्यांना कळली नाही. वर अंपायर बकनरने आपल्याला मॅच हरवली. आजही रक्त उसळतं. ऑस्ट्रेलियन लोकांनी आम्हाला रेसिझम शिकवावा का?

माझंही उसळतं, खोटं कशाला बोलू. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स 30 रनवर असताना ईशांतच्या बॉलवर स्पष्ट आउट होता, बकनरने दिला नाही आणि तो 162 नॉट आउट राहिला. शेवटच्या दिवशी द्रविडला बॅट न लागता कॉट बिहाइंड दिलं. गांगुलीचा कॅच क्लार्कने धरला की जमिनीला लागला हे बघायच्या ऐवजी त्यांचा कॅप्टन पाँटिंगने बोट वर केलं आणि अंपायरने मानलं. कुंबळे नंतर म्हणाला की दोनपैकी एकच टीम खेळाच्या भावनेने खेळत होती, आणि हे वाक्य ऑस्ट्रेलियाला बरोबर लागलं कारण बॉडीलाइनच्या, म्हणजे इंग्लंडने मुद्दाम अंगावर बॉल टाकले त्या सिरीजच्या वेळी अ‍ॅडलेडला त्यांचाच कॅप्टन वुडफुल साधारण हेच इंग्लंडबद्दल बोलला होता.

आता हरभजनचं. तिसऱ्या दिवशी सचिन आणि तो खेळत होते, हरभजनने ब्रेट लीला बॅटने पाठीमागे हलकंसं थोपटलं, सायमंड्सला ते आवडलं नाही, बाचाबाची झाली, आणि हरभजन सायमंड्सला 'मंकी' म्हणाला अशी ऑस्ट्रेलियाने तक्रार केली. मॅच रेफ्री माइक प्रॉक्टरने तीन टेस्टची बंदी घातली. अपील न्यूझीलंडचे जज जॉन हॅन्सन यांच्यापुढे अ‍ॅडलेडला चाललं, त्यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही असं ठरवून फक्त अपशब्दाबद्दल अर्धी मॅच फी कापली. म्हणजे तुमचं म्हणणं कायद्याने टिकलं. सिद्ध झालं नाही ते झालं नाही, मी त्याच्यावर अजून काही लादणार नाही.

पण दादा, तुमच्या पत्रात सायमंड्सच्या बाजूचा एक शब्दही नाहीये. आणि ही गोष्ट सिडनीला सुरू झालीच नव्हती, ती सुरू झाली आपल्याकडे, तीन महिने आधी. ऑक्टोबर 2007, वनडे सिरीज. बडोद्याला प्रेक्षकांनी सायमंड्सला बघून माकडाचे आवाज काढले. सुरुवातीला आपल्याकडून सारवासारवच झाली, असं काही घडलंच नाही म्हणून. मग वानखेडेवर पुन्हा तेच, आणि या वेळी पेपरात फोटो छापून आला, दोन्ही हात काखेत घालून माकडासारखे हावभाव करणारी, हसणारी माणसं. चार जणांना पोलिसांनी धरलं. तो फोटो मला आजही डोळ्यांपुढे दिसतो, कारण त्यात गुंड-मवाली कुणी वाटत नव्हते, आपल्या ऑफिसात, आपल्या बिल्डिंगमध्ये असतात तशीच माणसं होती ती.

बर्मिंगहॅमला जन्मलेला, आईबापांपैकी एकाकडून कॅरिबियन रक्त, तान्हा असतानाच दत्तक गेलेला आणि ऑस्ट्रेलियात गोऱ्या घरात वाढलेला हा माणूस. त्याला तो आवाज काय वाटला असेल? आपल्याला म्हणायची सोय असते की अरे गंमत होती, आपल्याकडे माकडाला देव मानतात. तो जन्मभर कुठल्या अर्थाने हा शब्द ऐकत आला ते आपण विचारलंच नाही. उलट त्याच सिडनी टेस्टमध्ये ब्रॅड हॉगने आपल्या खेळाडूंना 'बास्टर्ड' म्हटलं, ऑस्ट्रेलियात मित्रालाही म्हणतात तसं, पण आपल्याकडे तो आईवर जाणारा शब्द, म्हणून आपण तक्रार केली आणि ती बरोबर होती. कुंबळेने पुढे मोठ्या मनाने ती मागेही घेतली. मग जो न्याय 'बास्टर्ड'ला तोच 'मंकी'ला नको का? शब्द किती लागला ते ज्याला लागला त्याने सांगायचं.

ऑस्ट्रेलियन लोकांनी शिकवावं का, विचारता. त्यांचं रेकॉर्ड काही स्वच्छ नाही. 2003 ला ब्रिस्बेनला आउट होऊन ड्रेसिंग रूममध्ये जाताना डॅरेन लेहमन श्रीलंकेच्या खेळाडूंबद्दल जे ओरडला त्यासाठी त्याला पाच वनडे बाहेर बसावं लागलं. डीन जोन्सने 2006 मध्ये कॉमेंट्री करताना दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाला 'टेररिस्ट' म्हटलं, माइक चालू होता, चॅनेलने काढून टाकलं. पण आपल्या शेजाऱ्यांचंही तेच, 2019 ला डर्बनला पाकिस्तानचा कॅप्टन सर्फराज स्टंप माइकवर 'अबे काले' म्हणताना सापडला, समोर दक्षिण आफ्रिकेचा फेहलुक्वायो बॅटिंग करत होता आणि त्याला उर्दू येत नव्हतं. चार मॅचची बंदी. त्याला भाषा कळत नव्हती म्हणून ते चालेल असं नाही ना होत, उलट जास्तच वाईट, तोंडावर बोलतोय आणि त्याला पत्ता नाही.

सायमंड्स आणि हरभजन 2011 साली मुंबई इंडियन्समध्ये एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. मे 2022 ला सायमंड्स कार अपघातात गेला, वय 46. तुम्ही चिडा, बकनरवर जरूर चिडा. पण वानखेडेवरचा तो फोटो पण एकदा शोधून बघा.

क्रिकेट एकेकाळी जंटलमन लोकांचा खेळ होता. आमच्या वेळी विश्वनाथसारखी माणसं होती. आता नुसत्या शिव्या आणि पैसा. तुम्ही लोक याला कधी खडसावणार? (मी 74 वर्षांचा आहे.)

काका, विश्वनाथबद्दल तुम्ही म्हणाल ते कमीच आहे. 1980, वानखेडे, ज्युबिली टेस्ट. इंग्लंड 5 बाद 58, बॉब टेलरला अंपायरने कॉट बिहाइंड दिला, कॅप्टन विश्वनाथने स्लिपमधून पाहिलं होतं की बॅट लागलेली नाही, त्याने टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमने 171 ची पार्टनरशिप केली आणि आपण दहा विकेटनी हरलो. हे करायला छातीच लागते.

पण जंटलमन हा शब्द मला खटकतो, माफ करा. इंग्लंडात जंटलमन म्हणजे पैशासाठी न खेळणारे वरच्या वर्गातले लोक आणि मजुरीवर खेळणारे ते प्लेअर्स, दोघांची वर्षानुवर्षं आपसात मॅच व्हायची, ती 1962 ला बंद झाली. तो सभ्यपणाचा शब्द नव्हताच, वर्गाचा होता. त्याच सभ्य काळात इंग्लंडचा कॅप्टन जार्डिनने बॉडीलाइनमध्ये लारवूडला अंगावर बॉल टाकायला लावले. त्याच काळात, 1968 ला, ओव्हलवर 158 रन करूनही बॅसिल डॉलिव्हेराला दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या इंग्लंडच्या टीममधून आधी वगळलं, कारण तो केपटाउनचा, सावळा, आणि तिथलं सरकार त्याला येऊ देणार नव्हतं. मग दुसरा एक जण जखमी झाल्यावर त्याला घेतलं तर दौराच रद्द झाला, आणि 1970 नंतर दक्षिण आफ्रिका 21 वर्षं बाहेर. 1976 ला इंग्लंडचा कॅप्टन टोनी ग्रेगने, जो मूळचा दक्षिण आफ्रिकेचा गोरा, वेस्ट इंडिजला टीव्हीवर सांगितलं की आम्ही यांना लोटांगण घालायला लावणार. ज्यांचे पूर्वज गुलाम होते त्यांना! रिचर्ड्सने त्या सिरीजमध्ये 829 रन काढले, होल्डिंगने ओव्हलला 14 विकेट घेतल्या, वेस्ट इंडिज 3-0. आणि तोच होल्डिंग 2020 ला टीव्हीवर वर्णद्वेषाबद्दल, आपल्या आईवडिलांबद्दल बोलताना रडला, चव्वेचाळीस वर्षांनी.

आणि आपल्याच मातीतले पालवणकर बाळू. पुण्याच्या क्लबात नेट लावायचे, पिच रोल करायचे, गोऱ्यांना नेटमध्ये बॉलिंग टाकायचे, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर 114 विकेट घेतल्या. पण चांभार म्हणून हिंदू टीमसाठी खेळताना त्यांना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मैदानात त्यांनी टाकलेला बॉल सगळे हातात घ्यायचे, कप मात्र वेगळा. कॅप्टनपद त्यांना कधीच मिळालं नाही, धाकटा भाऊ विठ्ठल 1923 ला झाला. तेव्हा काका, विश्वनाथ मोठा माणूस होता म्हणून ती टेस्ट मोठी. काळ काही मोठा नव्हता.

दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकर एंडला रन आउट केलं ते खिलाडूवृत्तीला धरून होतं का? हो की नाही सांगा.

हो. नियमात आहे, आणि 2022 पासून तर तो 'अनफेअर प्ले' मधून काढून साध्या रन आउटच्या कलमात टाकलाय. बॅट्समनने बॉल सुटेपर्यंत क्रीजमध्ये राहावं, विषय संपला. 1987 च्या वर्ल्ड कपला लाहोरला वेस्ट इंडिजच्या वॉल्शने पाकिस्तानच्या सलीम जाफरला असं आउट न करता सोडून दिलं आणि मॅच गमावली, ते त्याचं मोठेपण, पण जो सोडत नाही तो काही चोर होत नाही. आणि कृपया त्याला 'मांकडिंग' म्हणू नका. 1947 ला सिडनीला क्रीज सोडून पळत होता ऑस्ट्रेलियाचा बिल ब्राउन, त्याला असं रन आउट केलं म्हणून नाव मात्र आपल्या विनू मांकडांचं खराब झालं. ब्रॅडमननेही मांकडांचीच बाजू घेतली होती. गावसकर कितीतरी वर्षं हेच सांगतायत.

माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, क्रिकेट कोचिंगला जातो. त्याला टीममधली मुलं 'काळ्या' म्हणतात, कधी कधी त्याहून वाईट. कोचना सांगितलं तर म्हणाले, ताई, हे स्लेजिंग आहे, याने मुलं टफ होतात, मोठेपणी ऑस्ट्रेलियात खेळायचंय ना. हल्ली तो भर उन्हाळ्यातही फुल स्लीव्ह्ज घालूनच जातो आणि घरी आला की आधी आरसा बघतो. मी जास्त मनावर घेतेय का?

नाही ताई. अजिबात नाही.

तुमचे कोच चुकतायत. स्लेजिंग समोरच्या टीमला करतात, एकमेकांना नाही, आणि वर त्या बॉलरला लिहिलंय तसं, याला तुमचा मुलगा बॅटने काय उत्तर देणार? फुल स्लीव्ह्ज हेच त्याचं उत्तर आहे, म्हणजे तो लपतोय. टफ झालेलं पोर लपत नाही.

मला यात स्वतःचं एक सांगायचंय. मी कॉलेजात असताना आमच्या टीमचा स्कोअरर होतो. आमच्या ओपनिंग बॉलरला सगळे रंगावरून ठेवलेल्या टोपणनावाने हाक मारायचे, मीपण. तो हसायचा, त्यामुळे आम्हाला वाटायचं त्याला चालतं. बऱ्याच वर्षांनी सगळे भेटलो, मी जुनी स्कोअरबुकं घेऊन गेलो होतो, म्हटलं मजा येईल. त्याने स्वतःच्या बॉलिंगचं पान उघडलं, पाच विकेट होत्या त्याच्या त्या दिवशी, आणि पान माझ्याकडे फिरवून म्हणाला, यात माझं नाव कुठंय? खरंच नव्हतं. सगळ्या टीमची आडनावं व्यवस्थित लिहिलेली आणि त्याच्या जागी ते टोपणनाव, माझ्या अक्षरात, तीन सीझनच्या सगळ्या पानांवर. तो चिडला नाही, पुढे काही बोलला पण नाही, पान मिटून वही परत दिली. मी त्या रात्री माफी मागितली पण त्या पाच विकेट अजून दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर आहेत.

कुणी म्हणेल प्रेमाने म्हणतात. डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये 'कालू' म्हणायचे, त्याला वाटायचं दणकट घोडा वगैरे असा काहीतरी अर्थ असेल, तोही हसायचा. अर्थ त्याला 2020 मध्ये कळला, आणि ज्या माणसाने वेस्ट इंडिजला दोनदा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून दिला तो व्हिडिओ करून विचारत होता, मित्रांनो तुम्ही मला हे म्हणत होतात?

मुलाला अभिनव मुकुंदबद्दल सांगा. भारताकडून टेस्ट खेळलेला ओपनर, त्याने 2017 मध्ये टीममध्ये असतानाच जाहीरपणे लिहिलं की लहानपणापासून लोक माझ्या रंगावरून बोलत आलेत, आणि मी दिवसदिवस उन्हात खेळतो, रंग अजून उतरला त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही कारण मला हे खेळायला आवडतं. माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णननेही सांगितलंय की आपल्याच देशात आयुष्यभर त्याला हे सोसावं लागलं. म्हणजे यात त्याच्या एकट्यात काही कमी आहे असं नाही, हे त्याला कळू दे.

कोचना पुन्हा भेटा, या वेळी लेखी द्या, कोण काय म्हणालं, कधी म्हणालं. त्यांना ऑस्ट्रेलियाचं एवढं पडलंय तर हेही सांगा की आयसीसीत साध्या शिवीगाळीचे नियम वेगळे आणि वर्णद्वेषाची आचारसंहिता वेगळी आहे, त्यात पहिल्याच वेळी बंदी येते, सर्फराजला आली तशी. त्यांनी मुलांना एकत्र बसवून हे थांबवायला हवं, तुमच्या मुलाला एकट्याला बोलावून 'लक्ष देऊ नकोस' सांगणं म्हणजे थांबवणं नाही. एवढं करूनही तिथे काही बदललं नाही तर कोचिंग बदला. टीममधल्या एखाद्या मुलाच्या आईबाबांशीही बोलून बघा, एक जरी पोरगं 'नावाने हाक मार ना' म्हणालं ना, की बाकीच्यांचा जोर ओसरतो. आमच्यात तसं म्हणणारा कुणी निघाला नाही, मीपण नाही.

आणि ताई, पत्रात तुम्ही त्याचा रंग लिहिलाय, त्याच्या स्लीव्ह्ज लिहिल्यात, पण तो बॉलिंग करतो की बॅटिंग ते लिहायचं राहून गेलंय. तेवढं त्याला विचारून कळवा, पुढच्या अंकाआधी.